वृषभेचं दालन

९ जानेवारी, सोमवार

मालकीणबाईंनी ही वही हातात ठेवली आणि म्हणाल्या, कोणता पुतळा कुठून कुठे हलवला ते रोज लिहून ठेवत जा, नाहीतर पुढे कुणाला कुणाचा पत्ता लागायचा नाही. वही चांगली जाडजूड आहे आणि पुतळे एकूण चौऱ्याहत्तर. उरलेल्या पानांत माझं लिहीन म्हणतो. इथे बोलायला तसं कुणी नसतंच.

भानगड अशी आहे की लोक यायचे कमी झालेत. आमच्या मेणाच्या माणसांना बघायला पूर्वी रांग लागायची, आता शाळांच्या सहली सोडल्या तर चिटपाखरू फिरकत नाही. मालकीणबाईंचं म्हणणं असं की लोकांना इतिहासात रस नाही, स्वतःत आहे. म्हणून पुतळे आता शतकांप्रमाणे नाही, तर राशींप्रमाणे मांडायचे. जन्मतारखेवरून जी रास येते ती. दालनं बरोब्बर बारा आहेत. माणूस येईल, आपली रास शोधेल आणि आपल्याच राशीच्या नामवंतांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढेल.

मी म्हटलं, हे थोतांड आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण चालेल.

त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून मी इथे आहे, एकतीस वर्षं झाली. मला नाही म्हणायची सवय नाही.

१२ जानेवारी

दोन दिवस जन्मतारखा लावतोय. मीन राशीला अकरा निघाले, वृषभेला फक्त दोन. एक चित्रकार आणि एक पंतप्रधान. दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

एक राजाराणी आहेत. मी रुजू झालो तेव्हापासून हातात हात घालून उभे. राजा मेषेत गेला, राणी तुळेत. हात वेगळे करताना तिची करंगळी तुटली. दुपारभर जोडत बसलो. उलट ज्या दोन सेनापतींनी एकमेकांचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता, ते दोघंही वृश्चिकेचे. आता जोडीने उभे आहेत.

तिकीट खिडकीवरचे काका सिंहेचे. त्यांच्या दालनात एक पहिलवान आणि दोन सम्राट आहेत हे कळल्यापासून छाती काढून चालतात. चहासुद्धा हुकूम केल्यासारखा मागतात.

१५ जानेवारी, रविवार

ताईचा फोन. मी आणि ताई दोघंही वृषभेचे, ती अठ्ठावीस एप्रिलची, मी अकरा मेचा, मध्ये चार वर्षांचं अंतर. दालनांचं सगळं सांगितलं. ती खूप हसली. म्हणाली, आपल्या राशीत दोनच कसे रे, बाकीचे जागचे हलले नसतील म्हणून प्रसिद्ध झाले नाहीत. मग म्हणाली, ठोंब्या, चार दिवस येऊन जा ना.

लहानपणापासून मी ठोंब्याच. कुठे उभं केलं की तिथेच उभा राहायचो म्हणून.

मी म्हटलं, आत्ता हलवाहलव चालू आहे, ही संपली की येतो. शेवटचं जाणं भावजी गेले तेव्हाचं. म्हणजे दोन वर्षं झाली. बसने आठ तासांचा तर रस्ता आहे.

२४ जानेवारी

मालकीणबाई दालनं बघत फिरल्या. वृषभेत थांबल्या आणि म्हणाल्या, हे तर दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे दिसतायत, निदान एक बाई तरी हवी. वीस एप्रिलला वृषभेचा महिना सुरू होतो, त्याआधी नवीन पुतळा उभा राहिला पाहिजे.

मी विचार न करता म्हणालो, ती पोहणारी.

साठ वर्षांपूर्वी, भर चाळिशीत, ती एकटी सामुद्रधुनी पोहून गेली होती. तिची जन्मतारीख अठ्ठावीस एप्रिल. ही गोष्ट ताईला कुठून कळली कोण जाणे, पण ती सगळ्या गल्लीला ऐकवायची, माझा आणि तिचा वाढदिवस एकच. स्वतःला गुडघाभर पाण्यात उतरायची भीती. त्या पोहणारीचा वर्तमानपत्रातला फोटो ताईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. भिजलेली लांब वेणी खांद्यावरून पुढे आलेली आणि चेहऱ्यावर हसू नाही, नुसता दम. मी कपाट उघडलं की आधी ती दिसायची.

मालकीणबाईंना पटलं.

५ फेब्रुवारी, रविवार

मातीत डोकं आकाराला येतंय. फोटो सातच मिळाले, त्यांत एकातही डावा कान नीट दिसत नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, माझा बघून कर, एकाच दिवशी जन्मल्यावर कान वेगळा कसा असेल. तिचा आवाज बसलेला वाटला. म्हणाली, जरा दमायला होतं हल्ली. मग पुन्हा, ये ना रे दोन दिवस.

मी म्हटलं, माती ओली आहे, सोडून आलो तर तडे जातील. हे खरंच आहे.

ती म्हणाली, बरं.

१४ फेब्रुवारी

साचा नीट निघाला. मेण उद्या ओतणार.

१९ फेब्रुवारी, रविवार

केसांची अडचण आली आहे. व्यापाऱ्याने पाठवलेला माल रंगवलेला, औषधं लावून गुळगुळीत केलेला. दिव्याखाली दोरीसारखा चमकतो. मेणाच्या चेहऱ्यात डोळे काचेचे, दात चिनी मातीचे. खरे असतात ते फक्त केस. ते खोटे निघाले की सगळंच बाहुली दिसायला लागतं. ताईशी अर्धा तास हेच बोललो. तीही विचारत होती, किती लांब लागतात, पांढरे चालतात का, एकेक करून लावायला किती दिवस जातात. तिला माझ्या कामाबद्दल इतकं विचारताना कधी ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, तू इकडे आला असतास तर समोर बसून बोललो असतो. मी म्हटलं, आता फक्त डोकंच राहिलंय, ते झालं की सुटलो.

८ मार्च

पार्सल आलं. ताईचं अक्षर.

उघडलं तर वेणी. तिची वेणी, कमरेपर्यंतची, दोन्ही टोकांना दोरा बांधून. शिवाय वर्तमानपत्राच्या पुडीत सुटे केस, गुंडाळी करून ठेवलेले. चिठ्ठीत एवढंच: चालतील का बघ. मला आता नकोत.

मी टेबलावरचा दिवा ओढून घेतला.

केस उत्तम आहेत. काळ्यात थोडे तपकिरी, थोडे पांढरे, पोहणाऱ्या बाईच्या वयाला शोभतील असे. पुडीतले तर त्याहून कामाचे, कारण ते कापलेले नाहीत, मुळासकट आलेले आहेत. आमच्या कामात केसाचं मूळ कुठलं आणि टोक कुठलं हे आधी ओळखावं लागतं. उलटे लावले की एकमेकांत अडकतात. एरवी प्रत्येक केस चिमटीत चोळून बघावा लागतो, तो मुळाच्या दिशेने सरकतो त्यावरून कळतं. इथे मुळं डोळ्यांना दिसत होती. जरा बारीक, निमुळती, अशी मी पूर्वी पाहिली नव्हती. वयामुळे असेल. माझे कितीतरी तास वाचले.

१२ मार्च, रविवार

फोनवर मी जरा चिडलोच. इतके सुंदर केस कापायचे कशाला, माझ्यासाठी एवढं करायची काही गरज नव्हती. ती म्हणाली, तुझ्यासाठी नाही रे, डोकं हलकं झालं. आता तिचे केस केवढे आहेत विचारलं तर म्हणाली, तुझ्यापेक्षा कमी. मला पुढे टक्कल आहे आणि मागे झालर. मी हसलो. ती हसली नाही.

मग तिने विचारलं, पुडी उघडलीस का. मी म्हटलं, उघडली, फार कामाची आहे, मुळं असल्यामुळे दिशा चटकन कळते. मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात भाचीने फोन घेतला आणि म्हणाली, मामा, आई जरा पडलीय, नंतर बोल.

भाची शाळेत शिकवते. हल्ली घरीच असते का काय, रविवार असो नसो फोन तीच उचलते.

२० मार्च

सकाळी आठला बसतो, अंधार व्हायच्या आत उठतो. मेण कोमट करायचं, चिरलेल्या नेढ्याच्या सुईने एक केस आत सरकवायचा, मेण आपोआप मिटतं. मग पुढचा. मानेपासून सुरुवात करून वर कपाळाकडे.

या कामात एरवी मी कंटाळतो, रेडिओ लावतो. या वेळी लावत नाही. केसांना अजून तिच्या घरातल्या साबणाचा वास आहे. लहानपणी आई कामावर जायची तेव्हा माझी आंघोळ, जेवण, शाळा सगळं ताईकडे. ती स्वतःची वेणी घालत असताना एक पेड मला धरायला द्यायची, म्हणजे मी तेवढा वेळ इकडेतिकडे जाणार नाही. मी धरून उभा राहायचो.

खरं लिहायचं तर या पंधरवड्यात मला एकटं वाटलेलं नाही. दुपारी जेवताना लक्षात आलं की मी ताट टेबलावरच आणलंय, डोक्यासमोर.

२ एप्रिल, रविवार

मागचा रविवार फोन करायचा राहिला, त्याच्या आधीचाही. आज केला तर भाची म्हणाली, आई झोपलीय. भर दुपारी? मी म्हटलं, मजा आहे बुवा एका माणसाची. ती म्हणाली, हो. बरंच लांबट हो.

मग तिने विचारलं, मामा, तुझ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला बस कुठून मिळते. मी सांगितलं. शाळेच्या मुलांचं काहीतरी असेल.

१३ एप्रिल

झालं. शेवटचा केस कपाळावर बसवला. वेणी घातली, ओली दिसावी म्हणून हलकं तेल लावलं आणि खांद्यावरून पुढे सोडली. मालकीणबाई आल्या, काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्याभोवती एक फेरी मारून गेल्या. त्यांच्या वडिलांची हीच पद्धत होती, काम आवडलं की गप्प.

डावा कान ताईचाच आहे. आठवणीतून केला.

२० एप्रिल, गुरुवार

वृषभेचं दालन उघडलं. गर्दी बऱ्यापैकी. थोतांड चालतं हे मला मान्य करावं लागेल. एक गृहस्थ पाटी वाचून बायकोला म्हणाले, बघ, चित्रकार, पंतप्रधान आणि मी. बायको म्हणाली, चित्रकार काढतो तरी काहीतरी.

आणखी एक बाई, पन्नाशीची, एकटीच आलेली. तिघांनाही नीट बघितलं, मग मला विचारलं, या लोकांत आणि आपल्यात काही सारखं असतं का हो? मी म्हटलं, तारीख. तिला उत्तर आवडलं नसावं. तरी पोहणाऱ्या बाईसमोर ती पुष्कळ वेळ उभी राहिली.

लोक तिथेच थांबतात. काका म्हणाले, जिवंत वाटते. हे आमच्याकडे प्रत्येक पुतळ्याला म्हणतात, पण या वेळी त्यांनी आवाज खाली केला होता.

२५ एप्रिल, मंगळवार

नीट, क्रमाने लिहितो.

अकराच्या सुमारास भाची आली. न सांगता. खांद्याला पिशवी, हातात मोठा पिवळा लिफाफा, हॉस्पिटलात असतो तसला. खूप वाळली आहे. मी म्हटलं, कळवायचं नाही का. ती म्हणाली, आईचे रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवायला आले होते, दुपारची परतीची बस आहे, म्हटलं तुला भेटून जावं.

कसले रिपोर्ट, असं मी विचारलं नाही. दाखवायची घाई होती. मी तिला थेट वृषभेत घेऊन गेलो.

ती दारातच थांबली. मग हळूहळू पुढे गेली, पुतळ्यापाशी. हात लावायचा नाही अशी पाटी आहे, तरी तिने वेणी तळव्यावर घेतली. आणि ओरडली नाही, काही नाही, फक्त वेणीला कपाळ टेकवून उभी राहिली. पाठ हलत होती. दालनातली दोन माणसं मागे सरली.

मी म्हटलं, अगं, काय झालं?

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मामा, तू किती नीट लावलेस रे. आम्हाला वाटायचं तुला राग आलाय म्हणून येत नाहीस."

"कसला राग?"

"आजाराचं लपवलं म्हणून."

मी विचारलं, कुठला आजार.

माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. तिने मला दंडाला धरून तिथल्या बाकावर बसवलं, जसं एखाद्या म्हाताऱ्याला बसवतात, आणि सगळं सांगितलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाठ निघाली. फेब्रुवारीपासून औषधं चालू. मार्चच्या सुरुवातीला उशीवर केस यायला लागले. ते तिने दोन दिवस गोळा केले, मग भाचीला म्हणाली, कात्री आण.

एकतीस वर्षं मी केस हाताळतो आहे.

मालकीणबाईंकडे गेलो. भाचीनेच सांगितलं. त्या म्हणाल्या, आजच निघा, किल्ल्या काकांकडे द्या.

२७ एप्रिल

ताईच्या घरी. खिडकीशी बसून लिहितोय, ती आत पडली आहे.

दुपारची बस चुकली, रात्रीच्या बसने काल पहाटे पोचलो. दार तिनेच उघडलं. डोक्याला सुती रुमाल, चेहरा एवढासा. भुवयाही गेल्यात. मी ज्या चेहऱ्यांना भुवया लावतो त्यांच्यापेक्षा हा चेहरा मला अनोळखी वाटला, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. ती म्हणाली, आलास, आणि पिशवी घ्यायला हात पुढे केला. पिशवी तिला पेलली नसती. मी दिली नाही.

दुपारी भाची शाळेत गेल्यावर ती म्हणाली, बस इथे. बसलो.

"तीन वेळा ये म्हटलं तुला," ती म्हणाली. "चौथ्यांदा म्हणवेना."

मी म्हटलं, सरळ सांगायचंस ना.

"फोनवर? तू फोनवर रडला असतास आणि तिथे तुला पाणी द्यायला कुणी नाही. समोर असतास तर सांगितलं असतं." पुढे म्हणाली, "मग केस पाठवले. म्हटलं, ठोंब्याला माणसांचं कळत नाही, केसांचं कळतं."

मला विषय तिथेच सोडता आला असता. पण मी म्हणालो, "मला मुळं दिसली होती, ताई. दिसली आणि मी खूश झालो, की काम सोपं झालं."

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "झालं ना सोपं?"

मी हो म्हटलं.

"मग वाया नाही गेले," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. माझ्या हातातला हात मात्र काढून घेतला नाही.

मी रडलो. तिने उठून पाणी दिलं नाही, तिच्यात तेवढा जीव नव्हता. कुठे आहे ते सांगितलं, मी उठून प्यायलो.

२८ एप्रिल

तिचा वाढदिवस. औषधाचा दिवस आजच आला. हॉस्पिटलात नर्सने तारीख वाचली आणि म्हणाली, अय्या, आज तुमचा वाढदिवस. ताई म्हणाली, माझा आणि आणखी एकीचा. नर्सला वाटलं शेजारच्या खाटेवरच्या बाईचा. तिने त्या बाईचंही अभिनंदन केलं. त्या बाईने ते घेतलंही. ताई इतकी हसली की सलाईनची नळी हलली.

फॉर्मवर सोबत कोण, त्याखाली रुग्णाशी नातं, अशी जागा होती. आजवर भाची भरत होती. मी भरलं.

७ मे, रविवार

मालकीणबाईंचा फोन. वृषभेला सगळ्यात जास्त गर्दी आहे, मिथुनेची तयारी कधी करणार. मी म्हटलं, माझं येणं लांबेल, काकांना ब्रशने धूळ झटकायला सांगा, वरून खाली, आणि खिडक्या बंद ठेवा. त्या म्हणाल्या, किती लांबेल? मी म्हटलं, माहीत नाही, पुतळे उभे राहतील, त्यांना घाई नसते. पहिल्यांदाच त्यांना नाही म्हटलं. त्यांनी ताईसाठी कोरडा खाऊ पाठवते म्हणून सांगितलं.

आज वाईट दिवस होता. ओकाऱ्या. तिने मला दोनदा बाहेर जा म्हणून सांगितलं. मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, लांब गेलो नाही.

भीती वाटते. ती गेली तर या जगात मला ठोंब्या म्हणणारं कुणी उरणार नाही. हे तिच्या दुखण्याबद्दल आहे की माझ्याबद्दल, मला कळत नाही. लिहून ठेवतो.

११ मे

माझा वाढदिवस. भाचीच्या लक्षात होतं. ताई म्हणाली, वृषभेचे दोघं एका घरात, आता कुणीही हलणार नाही. संध्याकाळी ती पहिल्यांदा भिंत धरून फाटकापर्यंत चालली. मी मागून चाललो, हात पुढे करून, पण लावले नाहीत.

१९ मे

डॉक्टरांनी नवीन रिपोर्ट पाहिला. गाठ लहान झाली आहे. गेली नाही, लहान झाली आहे. अजून तीन वेळा औषध, मग ऑपरेशनचं बघू म्हणाले. भाचीने विचारलं, म्हणजे चांगलं ना? ते म्हणाले, आजच्यापुरतं चांगलं. ताईला हे उत्तर फार आवडलं. परत येताना टॅक्सीत दोनदा म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर मला म्हणाली, आता तू जा रे तुझ्या माणसांकडे, किती दिवस राहशील. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे नाही. कपडे आणायला एकदा जाऊन येईन, मालकीणबाईंशी बोलेन, डोकी इथे बसूनही करता येतात. मागची खोली थंड आहे. माझं टेबल मावतं की नाही ते आज सकाळीच मोजून पाहिलं, मावतं.

ती उठून मागच्या खोलीत गेली आणि तिथल्या ट्रंका उघडून काय टाकायचं, काय ठेवायचं ते बघायला लागली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. मी इथून दोनदा ओरडलो, ऐकत नाही.

ट्रंक ओढल्याचा आवाज येतोय. आता हाकही आली. उठतो.